भिंतीवरचे बाबासाहेब



नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’विषयी आज मी जे बोलणार आहे, ते तुमच्यापैकी पुष्कळांना रुचणार नाही. 2014 साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटास पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा व बालकलाकाराचा असे दोन राष्ट्रीय पुरस्कार लाभले. आपल्या घराघरांतून तो आपलाच म्हणून पाहिला गेला. तरीही माझी निराशा झाली, आणि ती का झाली हे सांगणे मला अगत्याचे वाटते.

डुक्कर खांद्यावर घेऊन कैकाडी कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, ते दृश्य आठवा. भिंतीवर बाबासाहेब आहेत, फुले आणि सावित्रीबाई आहेत, आपल्या अमरावतीचे गाडगेबाबाही आहेत. दृश्य थोर आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या भिंतीवरून उतरून कोणी जब्याजवळ येत नाही. शाळेत जाणारा हा मुलगा शालूचे मन वळविण्यासाठी काळ्या चिमणीची राख शोधीत रानोमाळ हिंडतो. त्याला तो मार्ग दाखविणारा सायकल दुकानदार चंक्या स्वतःच आयुष्याने मोडलेला माणूस आहे. जेथे भिंतीवर बाबासाहेब आहेत, तेथे मुलाची आशा राखेवर का?

अमेरिकेत 2016 साली बॅरी जेन्किन्स यांनी ‘मूनलाइट’ काढला. कृष्णवर्णीय, गरीब आणि समलिंगी अशा तिहेरी ओझ्याखालच्या मुलाची ती कथा. सोबत्यांच्या छळाने गांजलेल्या त्या लेकराला हुआन नावाचा परका माणूस घरी नेतो, जेवू घालतो, समुद्रात पोहावयास शिकवितो. हुआन गर्द विकणारा आहे, साधुसंत नव्हे. तरी तो येतो. पुढे हाच मुलगा छळणाऱ्याच्या पाठीत खुर्ची घालतो तेव्हा पोलीस त्यालाच धरून नेतात, आणि चित्रपट आपल्याला त्यानंतरची वर्षेही दाखवितो. ‘फँड्री’ मात्र दगड भिरकावून थांबतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात व घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्या कैकाड्याच्या घराचे काय झाले असेल?

हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाशी निगडित आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ इत्यादी विदर्भातील जिल्ह्यांत कैकाडी हे अनुसूचित जातीत मोडतात. उर्वरित महाराष्ट्रात तेच लोक विमुक्त जातीत गणले जातात. म्हणजे अकोल्याच्या जब्यास जातीवरून कोणी अपमानिले तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या पाठीशी आहे. सोलापूरच्या जब्यास तो नाही, कारण हा कायदा अनुसूचित जाती व जमातींपुरताच आहे. रक्त एक, धंदा एक, शिवी एक, आणि कायदा जिल्ह्याच्या शिवेवर थबकतो! आपण मात्र जब्याला सरसकट ‘दलित मुलगा’ म्हणून मोकळे झालो. हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा नव्हे, असे मला वाटते.

हे क्षेत्रबंधन उठवावे ही कैकाडी समाजाची मागणी जुनी आहे. संविधानाच्या 341 व्या अनुच्छेदान्वये यादीत फेरबदल करण्याचा अधिकार संसदेला आहे. म्हणजे निवेदन आपल्या खासदारांकडे द्यावयास हवे. अमरावती-अकोल्याच्या किती विहारांतून त्या मागणीवर सह्या झाल्या, हे तुम्ही येत्या पौर्णिमेस आपापल्या विहारात विचारून पाहा, आणि गावाबाहेरच्या कैकाडी वस्तीतील एखाद्या मुलास त्या दिवशी सोबत घेऊन जा.