धांड्याच्या गाडीपासून जहाजापर्यंत

(साक्षरता वर्गातील प्रौढ बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी जहाजांविषयी बोलणार आहे. खऱ्या जहाजांविषयी थोडे, आणि घरी बसून आपल्या हातांनी बनवायच्या छोट्या जहाजांविषयी जास्त.

हे ऐकून कोणी म्हणेल, "बाप्पा, आपल्याले काय करायचं जहाजाचं? इथं उन्हाळ्यात शहानूरले घोटाभर पाणी नसते!" म्हणणे खोटे नाही. आपल्या अंजनगावापासून मुंबई पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. आपण केळी लावतो, संत्री लावतो, पानमळे राखतो. समुद्राशी आपला काय संबंध?

संबंध आहे. आपल्या शहानूरचे पाणी पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते. तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते. पावसाळ्यात तुमच्या बांधावरून वाहून गेलेले पाणी शेवटी तिथेच पोहोचते.

दुसरा संबंध इतिहासाचा आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रजांची कंपनी यांच्यात तह झाला. तो आपल्या सुर्जी-अंजनगावला झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी गाविलगड इंग्रजांच्या हाती गेला होता. या तहात शिंद्यांना इतर मुलखाबरोबर भडोचही द्यावे लागले. भडोच म्हणजे नर्मदेच्या मुखाजवळचे फार जुने बंदर. पाहा, समुद्र कुठे आणि अंजनगाव कुठे! पण एका बंदराचा निकाल इथे लागला, आणि तो एका कागदावर लागला.

इंग्रज आपल्या देशात आले ते जहाजातून. जहाजाचे मोल छत्रपती शिवाजी महाराजांनी ओळखले होते. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच त्यांनी आरमाराच्या कामाला हात घातला. तेव्हा जहाज ही काही फक्त कोकणातल्या माणसाची गोष्ट नाही.

आता छंदाकडे येऊ.

जगात पुष्कळ माणसे फावल्या वेळात जहाजाचे छोटे नमुने बनवतात. कोणी शिक्षक असतो, कोणी कारकून, कोणी नोकरीतून निवृत्त झालेला असतो. त्यासाठी बाजारात पेट्या मिळतात. पेटीला किट म्हणतात. पेटीत लाकडाचे कापलेले तुकडे असतात. पातळ पट्ट्या असतात. दोरा असतो, शिडाचे कापड असते. आणि सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो नकाशा. नकाशा पाहून तुकडे जोडायचे, की जहाज तयार. ऐकायला सोपे वाटते. पण एका चांगल्या जहाजाला शेकडो तास लागतात. रोज संध्याकाळी एक तास बसले, तर वर्ष निघून जाते.

तुम्ही म्हणाल, हे आपले काम नव्हे. मी म्हणतो, हे काम तुम्ही लहानपणीच केले आहे. ज्वारीचा धांडा सोलून कोणी गाडी बनवली नाही? आतल्या मऊ भेंडाची चाके करायची. वरच्या कडक सालीच्या काड्या करून त्यात खुपसायच्या. धुरा, जू, साटी, सारे जागच्या जागी. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडाचा बैल मिरवतात. तो बैलही नमुनाच आहे. मोठी वस्तू लहान करून, पण तिचा आकार न बिघडवता बनवायची, याचेच नाव नमुना. गाडीचा नमुना ज्याला जमला, त्याला जहाजाचाही जमेल.

फरक एकच आहे. गाडी आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. जहाज पाहिलेले नसते. मग ते बनवायचे कसे? वाचून! जे पाहिले नाही ते नकाशा दाखवतो. नकाशाही एक लिपीच आहे. तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. आता ही लिपी शिकणे अवघड नाही.

नकाशात जहाज तीन बाजूंनी काढलेले असते. एकदा बाजूने, एकदा वरून, एकदा समोरून. घर बांधताना मिस्त्री कागदावर दाखवतो, तसेच. नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेले असते "१ : ५०". याचा अर्थ असा, की खऱ्या जहाजाचे ५० सेंटिमीटर म्हणजे आपल्या नमुन्याचा १ सेंटिमीटर. खरे जहाज २० मीटर लांब असेल, तर ते झाले २००० सेंटिमीटर. त्याला ५० ने भागा. उत्तर आले ४०. म्हणजे आपले जहाज ४० सेंटिमीटर लांब, हातभराहून थोडे कमी. रुंदी, उंची, डोलकाठी, सुकाणू, सारे काही त्याच ५० ने भागायचे. एकाला ५० ने आणि दुसऱ्याला ३० ने भागले, तर लहान पोराच्या डोक्यावर आजोबांचे पागोटे घातल्यासारखे दिसेल.

नकाशाचे मोल किती, याची एक खरी गोष्ट सांगतो. मुंबईत वाडिया नावाचे पारशी घराणे जहाजे बांधण्यात नामांकित होते. इंग्रजांच्या आरमाराने त्यांच्याकडे एक जहाज बांधायला दिले. त्याचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. वाटेत, डिसेंबर १८१२ मध्ये, अमेरिकेच्या युद्धनौकेने 'जावा'चा नाश केला. नकाशेही गेले. मुंबईत कसबी सुतार होते, मलबारचे उत्तम सागवान होते. पण नकाशांची दुसरी प्रत यावी लागली. पुढे १८१७ साली ते जहाज पाण्यात उतरले. त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ते इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. आपल्या माणसांच्या हाताचे काम आहे ते!

आता याहून नवलाची, आणि आपल्या जवळची गोष्ट ऐका. अजिंठ्याची लेणी तुम्हाला ठाऊक आहेत. तिथे भिंतीवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे एका जहाजाचे चित्र आहे. आपल्या नौदलाने आणि सरकारने ठरवले, की तसे जहाज पुन्हा बांधायचे. पण त्याचा नकाशा कुठून आणणार? होते ते फक्त भिंतीवरचे चित्र. ते चित्र वाचून जाणत्यांनी आकार ठरवला. मग जहाजाचा छोटा नमुना तयार केला. आयआयटी मद्रास या संस्थेत त्या नमुन्याच्या चाचण्या घेतल्या. पाण्यात त्याची चाल कशी राहील ते तपासले.

मगच गोव्यात खरे जहाज बांधले. केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम केले. त्यांनी फळ्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत. काथ्याच्या दोरीने शिवल्या. भगिनींनो, तुम्ही गोधडी शिवता, तसे ते जहाज शिवलेले आहे. जहाज सुमारे २० मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद आहे. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले. त्याचे नाव 'कौंडिण्य' ठेवले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले, आणि शिडात वारा घेत जानेवारी २०२६ मध्ये ओमान देशातल्या मस्कतला पोहोचले.

म्हणून सांगतो, छोटा नमुना म्हणजे नुसते पोरांचे खेळणे नव्हे.

आता आपण आपले जहाज कसे बनवायचे?

बाजारातली पेटी महाग असते. चांगल्या पेटीला काही हजार रुपये पडतात. ती घेण्याची गरज नाही. कर्ज काढून तर मुळीच घेऊ नये. आपल्या घरात आणि शेतात सामान पुष्कळ आहे. बांबूच्या कांबी आहेत. तुराट्या आहेत. सुताराकडे लाकडाच्या ढलप्या पडलेल्या असतात. जाड पुठ्ठा दुकानात मिळतो. सूत आणि कापड तर वऱ्हाडाचे घरचेच. एक छोटी करवत, एक धारदार चाकू, पट्टी, गुण्या, काचकागद आणि लाकूड चिकटवायचा गोंद एवढे घ्या.

पहिली पायरी कण्याची. पुठ्ठ्याचा किंवा पातळ लाकडाचा एक लांब तुकडा नकाशाप्रमाणे कापा. हा जहाजाचा कणा.

दुसरी पायरी फासळ्यांची. कण्यावर आडवे तुकडे बसवा. मधले मोठे, टोकांकडचे लहान. प्रत्येक फासळी गुण्या लावून तपासा. फासळी तिरपी बसली, तर पुढचे सारे तिरपे होते.

तिसरी पायरी फळ्यांची. बांबूच्या पातळ पट्ट्या करा. कोमट पाण्यात भिजवा, म्हणजे त्या वाकतात. मग फासळ्यांवर चिकटवा. इथे एक खूण लक्षात ठेवा. एक पट्टी डाव्या बाजूला लावली, की दुसरी उजव्या बाजूला लावायची. एकच बाजू आधी पूर्ण केली, तर ती बाजू ओढ घेते आणि कणा वाकडा होतो. शिवाय जहाजाची पुढची नाळ निमुळती असते. म्हणून पट्टीचे टोकही थोडे तासून अरुंद करावे लागते.

चौथी पायरी घासण्याची. गोंद पुरता वाळू द्या. मग काचकागदाने हळूहळू घासा. घाई केली, तर पट्टी निघते.

पाचवी पायरी डोलकाठी, दोर आणि शीड यांची. सुताला मेण चोळा, म्हणजे त्याची लव बसते आणि ते खऱ्या दोरासारखे दिसते. पांढरे कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. शिडाला वापरलेल्या कापडाचा रंग येतो. परदेशातले छंदी लोकही हीच युक्ती करतात.

चाकू नेहमी आपल्या अंगापासून दूर चालवावा. लहान मुलांच्या हाती पाते देऊ नये. त्यांना घासायला आणि मोजायला बसवावे.

जहाज तयार झाल्यावर आतून-बाहेरून रंगाचे दोन हात द्या आणि टाक्यात सोडा. ते एका अंगावर कलले, तर घाबरू नका. रिकामी घागर विहिरीत सोडा, ती आडवी होते. तिच्या तळाशी थोडी वाळू घाला, ती उभी राहते. जहाजाचेही तसेच. तळाशी थोडी बारीक गिट्टी घाला. जुने खलाशी या वजनाला नीरम म्हणत. ओझे खाली असले, की जहाज तोल धरते.

कोणी विचारेल, "यानं काय पोट भरते?" नाही, भाऊ, यानं पोट भरत नाही. छंद पोटासाठी नसतो. पण पोट भरल्यावरही माणसाचे काही उरते. कापूस वेचून झाला, तूर घरात आली, की संध्याकाळ मोकळी असते. त्या वेळी हाताला काम नसेल, तर हात पत्त्यांकडे जातो, आणि कधी बाटलीकडेही जातो. घरातली माय मग एकटीच जागत बसते. हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. तुम्ही मोठ्या कष्टाने अक्षरे शिकलात. दिवसभर राबून रात्री पाटीपुढे बसलात. पण अक्षर वापरले नाही, तर ते विळ्यासारखे गंजते. दोन वर्षांनी पुन्हा अंगठ्यापर्यंत येण्याची भीती असते. या छंदात रोज चार शब्द वाचावे लागतात. रोज मोजावे लागते, रोज भागाकार करावा लागतो. चुकले, तर मास्तर रागावत नाही, पट्टी बसत नाही एवढेच. मग माणूस आपणच पुन्हा मोजतो.

आणि आपल्या मुलांचे काय? ज्वारीचा पेरा आपल्याकडे फार कमी झाला. धांडेच नाहीत, तर धांड्याची गाडी कुठून येणार? प्लॅस्टिकची गाडी विकत येते आणि आठ दिवसांत मोडते. ती कशी बनली, हे मुलाला कळत नाही. बापाच्या किंवा मायच्या शेजारी बसून मुलाने एक फासळी जरी जागेवर बसवली, तरी त्याला कळेल, की वस्तू विकत घेता येते तशी बनवताही येते.

यातून कोणाला पुढची वाटही सापडेल. एन.सी.सी.च्या नौदल शाखेत मुलामुलींना जहाजांचे नमुने बनवायला शिकवतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. अशी एक नौदल तुकडी नागपूरला आहे. नागपूरला तरी समुद्र कुठे आहे?

तेव्हा बंधुभगिनींनो, या आठवड्यात एवढेच करा. एक पुठ्ठा आणा. त्यावर पट्टीने ४० सेंटिमीटर लांब रेघ ओढा. तो तुमच्या जहाजाचा कणा. रेघेखाली तारीख लिहा आणि आपले नाव लिहा. पुढच्या वर्गाला तो पुठ्ठा घेऊन या. फासळ्या आपण मिळून कापू.