सहलीच्या यादीत आईचं नाव पहिलं
(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत आपण कर्ज, परतफेड, शेळ्या, शिलाई यावर बोलतो. बोललंच पाहिजे. पण या वर्षी मला विषय दिलाय सहलीचा. मुलांना घेऊन मोठ्या मनोरंजन उद्यानात, म्हणजे पोरं ज्याला थीम पार्क म्हणतात तिथं कसं जायचं, याचा. विषय ऐकून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. हे काय गटाचं काम आहे का, असं वाटलं असेल. मला विचाराल तर आहे. कारण घरातला एवढा मोठा खर्च विचार न करता झाला, तर त्याचं ओझं शेवटी गटाच्या हप्त्यावरच येतं.

आपल्या लहानपणी जत्रेतला पाळणा आणि मौत का कुआँ एवढंच होतं. मुंबईला गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड झालं. ज्यांचे मामा-काका मुंबईत होते, तीच मुलं तिथं जायची. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि आता शिर्डीलाही साईतीर्थ आणि वॉटर पार्क आहे. जुन्नर, नारायणगावच्या माणसाला चाकण, तळेगाव, लोणावळा करून घाट उतरला की खोपोली. म्हणजे आता हे आपल्या टप्प्यात आलंय. शाळेतली दोन पोरं जाऊन आली की वर्गातली बाकीची घरी येऊन हट्ट धरतात. मग घरात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आमच्या गटात गेल्या वर्षी हाच विषय निघाला. एक ताई म्हणाली, "चौघांचे पैसे होत नाहीत गं. ते आणि पोरं जातील, मी बाहेर पिशव्या घेऊन बसेन." दुसरी म्हणाली, "मी तर जाणारच नाही, गुरांचं कोण बघणार?" म्हणजे पैसे कमी पडले की पहिलं कुणाचं तिकीट कापलं जातं? आईचं. आणि पोरांमध्ये कमी करायचं झालं तर पोरीचं. ती मोठी आहे, समजूतदार आहे, असं म्हणायचं आणि तिला मागं ठेवायचं. म्हणून आम्ही बैठकीत एक ठरवलं. सहलीच्या यादीत आईचं नाव पहिलं लिहायचं, मग मुलीचं, मग बाकीच्यांचं. सगळ्यांचे पैसे जमत नसतील तर सहल पुढं ढकलायची, माणूस कमी करायचा नाही.

आता पैशाचं बोलू. समजण्यापुरते आकडे धरते. खरे दर दिवसाप्रमाणे बदलतात, ते तुम्ही निघायच्या आधी विचारा. नवरा-बायको आणि दोन मुलं धरू.

तिकिटं ४,८००
गाडीभाडं १,६००
खाणं-पिणं १,२००
लॉकर, पोहण्याचे कपडे, किरकोळ ५००
अडीअडचणीला राखीव ९००
एकूण ९,०००

नऊ हजार एकदम काढायचे म्हटले तर छातीत धस्स होतं. दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला नऊशे. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी ते वेगळ्या डब्यात किंवा पोस्टाच्या खात्यात टाकायचे. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. आणि सहलीसाठी कर्ज काढायचं नाही, गटातूनही नाही आणि दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्याकडूनही नाही. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळी फेडते. सहलीचं कर्ज कोण फेडणार?

राखीव नऊशे मुद्दाम धरलेत. आत गेल्यावर फोटो, टोपी, आईस्क्रीम असं पोरं मागतातच. प्रत्येक मुलाला निघताना ठराविक रक्कम सांगून द्या. शंभर तर शंभर. संपले की संपले. पोरंसुद्धा हिशोब शिकतात.

तिकिटाच्या बाबतीत फोन करून किंवा त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर पाहून पाच गोष्टी विचारायच्या. एक, सांगितलेल्या दरात कर धरलाय का. दोन, मुलांचं तिकीट वयावर आहे की उंचीवर. तीन, किती माणसं असली तर ग्रुपची सवलत मिळते. चार, तारीख बदलता येते का, पैसे परत मिळतात का. पाच, त्या दिवशी कुठले पाळणे दुरुस्तीसाठी बंद आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या किमतीच्या लिंकवर पैसे भरायचे नाहीत. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ लिहून ठेवा.

जाण्यायेण्याचं. एसटीच्या नेहमीच्या फेरीत आपल्याला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरच्या पुढच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे, ओळखपत्र जवळ हवं. पण सात-आठ कुटुंबं मिळून जाणार असाल तर एसटीची प्रासंगिक कराराची गाडी किंवा खासगी मिनीबस दोन्हीकडं भाव विचारा आणि माणशी किती पडतं ते काढा. खासगी गाडी घेतली तर परवाना आणि विमा आहे का, हे विचारायला लाजू नका. टोल, ड्रायव्हरचं जेवण कुणी द्यायचं हेही आधीच बोलून घ्या. आणि दिवसभर ड्रायव्हरला झोपू द्या. रात्री परत बोरघाट त्यालाच चढायचाय.

दिवस कुठला निवडायचा? कांदा काढणी आणि टोमॅटोची तोडणी सोडून. मुलांची परीक्षा सोडून. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि तिकीटही बहुधा महाग असतं. मंगळवार, बुधवार चांगला. शाळेचा एक दिवस बुडेल, पण दोन तास रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं. मुसळधार पाऊस, विजा असल्या की उघड्यावरचे मोठे पाळणे थांबवतात, म्हणून भर पावसाळ्यात जाऊ नका. थीम पार्क आणि वॉटर पार्क एका दिवसात दोन्ही करायला जाऊ नका. तिकिटं वेगळी असतात आणि दोन्हीकडं धड काही होत नाही.

आता ज्यामुळं सगळ्यात जास्त रडारड होते ते सांगते, ती म्हणजे उंची. मोठ्या पाळण्यांच्या तोंडाशी उंचीची पट्टी लावलेली असते. त्याच्या खाली असलेल्या मुलाला बसू देत नाहीत. कितीही विनवण्या केल्या तरी नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण तो सुरक्षेचा दांडा लहान अंगाला नीट बसत नाही. म्हणून जायच्या आधी मुलांची उंची मोजा. अंगणवाडीत पट्टी आहे, सेविकाताई मोजून देतील. मग वेबसाइटवर बघून घरीच सांगा, बाळा, तू यात बसशील, यात नाही. तिथं जाऊन कळलं की पोरगं दिवसभर फुरंगटून बसतं.

तब्येतीचं. गरोदर बाईनं जोराच्या पाळण्यात अजिबात बसायचं नाही. हृदयाचा त्रास, वाढलेला रक्तदाब, मानेचं-पाठीचं दुखणं, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींची पिशवी काढलेली असते आणि कुणाला सांगितलेलं नसतं. तिथल्या फळ्यावर हे सगळं लिहिलेलं असतं, ते वाचायचं. वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला लावायचं. पण म्हणून बाहेर बसून राहायचं असंही नाही. हळू फिरणारे पाळणे असतात, बसून बघायचे सिनेमे असतात, खेळ असतात. सासूबाईंना तेच आवडतं.

कपड्यांचं नीट ऐका. जोराच्या पाळण्यात पदर, ओढणी, मोकळे केस धोक्याचे. गो-कार्टच्या चाकात केस, ओढणी अडकून बायका-मुलींचा जीव गेल्याच्या घटना आपल्या देशात घडल्यात. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी घरी ठेवा, केसांची घट्ट वेणी किंवा अंबाडा घाला. गंठण, झुमके, पैंजण घरी. चप्पल पट्ट्याची किंवा बूट. वॉटर पार्कमध्ये साडी, जीन्स, सुती कपडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात, कारण सुती कापड भिजलं की जड होतं आणि अंगाला गुंडाळतं. घाबरू नका, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ नायलॉनचे कपडे मिळतात. तिथं भाड्यानं मिळतात, पण बाजारातून घेतले तर पुढच्या खेपेलाही होतात. आमच्या गटातल्या दोघींनी ते शिवून विकायचा विचार चालवलाय, बघू.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं? पहाटे घरून पोटभर खाऊन निघा, कारण आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. भाकरी-चटणी गाडीत ठेवा, येता-जाता खायला. लहान बाळाचं दूध आणि औषधं नेऊ देतात का, ते फोनवर विचारून घ्या. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. आत गेल्यावर नकाशा घ्या. गर्दी ज्या मोठ्या पाळण्याकडं पळते, इमॅजिकात तो नायट्रो, तिथं एकतर सगळ्यात आधी जा नाहीतर संध्याकाळी. बारा वाजता सगळे जेवायला धावतात, तेव्हा तुम्ही पाळण्यात बसा आणि दोननंतर जेवा. पण जेवल्याबरोबर गरगर फिरणाऱ्यात बसू नका. दुपारच्या उन्हात छताखालचे खेळ बघा. पाणी सतत प्या. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिण्याची आपली सवय असते, ती तिथं करू नका. स्वच्छतागृहं असतात.

गर्दीत मूल हरवतं. गेटमधून आत शिरल्यावर सगळ्यांना एक खूण दाखवा, कारंजं असेल, मोठं घड्याळ असेल. चुकलं तर इथं येऊन उभं राहायचं. लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, वॉटर पार्क असेल तर दंडावर पेनानं लिहा. सकाळीच मुलांचा एक फोटो मोबाईलमध्ये काढा, कपडे काय घातलेत ते लक्षात राहतं. अडचण आली तर ११२ आणि मुलांसाठी १०९८.

पिशव्यांचं काय? लॉकरला पैसे लागतात म्हणून एका बाईला दिवसभर राखणीला बसवू नका. लॉकरचे पैसे सगळ्यांत वाटून घ्या. लहान बाळ असेल तर नवरा-बायकोनं आळीपाळीनं बसा. एकदा तू, एकदा मी. आणि गुरांचं? आमच्याकडं दोन तुकड्या केल्या. पहिली तुकडी गेली तेव्हा दुसरीनं त्यांची गुरं सांभाळली, धारा काढल्या. पुढच्या आठवड्यात उलट. जी ताई पिशव्या घेऊन बसणार होती, ती पाळण्यात तीनदा बसली. खाली उतरून नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही धरा पिशवी."

ज्यांचे नऊ हजार जमणार नाहीत त्यांनी मन लहान करू नका. पुण्यात कात्रजचं राजीव गांधी प्राणीसंग्रहालय आहे, बुधवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. आपल्याजवळ शिवनेरी आहे. खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे, पंचेचाळीस मीटरच्या तीस थाळ्यांची. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, मुलांना मोकळं दाखवतात. तिथंही यादी तीच, पहिलं नाव आईचं.

आल्यावर पुढच्या बैठकीत हिशोब मांडा. किती धरले होते, किती लागले, कुठं जास्त गेले. दुसऱ्या गटाला ते कामाला येतं. आमचा हिशोब संघाच्या ऑफिसात ठेवलाय, कुणालाही बघता येईल.

शेवटचं एकच. घरी गेल्यावर वहीचं एक पान घ्या, वर तुमचं नाव लिहा आणि खाली पहिल्या महिन्याची रक्कम. मग ती पन्नास रुपये का असेना. पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या, मी बघणार आहे.