सेवा करणाऱ्यांची काळजी कोण घेणार?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वस्तीत कुणी परिचारिका आहे, कुणी वॉर्डबॉय, कुणी आशाताई, कुणी ॲम्ब्युलन्सवर आहे. लोकांचे दुःख रोज हाताळणे हेच यांचे काम. २०२० साली कोरोनात आपण यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. पण एकाच पाळीत दोन-तीन मृतदेह बांधून आलेली आपली ताई घरी जेवताना गप्प का, हे कितीजणांनी विचारले? उलट आपणच म्हणतो, "हल्ली ही फार चिडचिडी झाली बघा."

बंधू-भगिनींनो, हा स्वभावाचा दोष नाही. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञांनी मोफत दवाखान्यातले तळमळीचे कार्यकर्ते पाहिले आणि त्यांच्या या अवस्थेवर लिहिले. इंग्रजीत तिला बर्नआऊट म्हणतात, म्हणजे आतून जळून जाणे. तिच्या खुणा तीन. अंगात त्राण उरत नाही, समोरचा रुग्ण माणूस न वाटता नुसता खाटेचा नंबर वाटतो, आणि 'आपल्या हातून काहीच होत नाही' असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली हिची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून.

मग उपाय काय? एक मार्ग गटाचा आहे. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट यांनी डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एकाने आपल्याला छळणाऱ्या रुग्णाची हकिगत सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची आणि त्यावर मिळून विचार करायचा. असे गट अजून अनेक देशांत चालतात.

मात्र एक सावधगिरी हवी. दुर्घटना झाल्याबरोबर सगळ्यांना एकदाच बसवून "सांगा, काय काय पाहिलंत" असे बळेच वदवून घेणे उपयोगाचे नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. बैठक नियमित हवी. बोलायची सक्ती नको. तिथले बोलणे तिथेच राहावे. वरिष्ठ साहेब त्यात नसावेत. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला तेच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे दिसतात किंवा जीव नकोसा वाटतो, त्याला डॉक्टरांकडेच न्यावे. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा २०२२ पासून मोफत आहे.

ही गोष्ट आपल्या धम्माला परकी नाही. अतिसाराने लोळागोळा झालेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, आणि मग संघाला समज दिली की तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? सेदक सुत्तात बांबूवरच्या कसरतीचे उदाहरण देऊन त्यांनी सांगितले की स्वतःला सांभाळण्यात दुसऱ्याचा सांभाळ आहे, आणि दुसऱ्याला सांभाळण्यात स्वतःचा. संघ याचा अर्थच हा, की दुःख एकट्याने वाहायचे नाही.

आणखी एक सांगतो. पाळी दुप्पट आणि मानधन थकलेले असेल तर नुसत्या बोलण्याने भागणार नाही. त्यासाठी बाबासाहेबांनी दाखवलेला संघटनेचाच मार्ग आहे. गट हा त्या लढ्याला पर्याय नव्हे. लढणारा माणूस आतून मोडू नये म्हणून तो हवा.

म्हणून आमची समितीला नम्र विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ विहाराचे सभागृह या भावा-बहिणींसाठी मोकळे ठेवावे. आठ-दहा जण, सतरंजी, चहा, आणि जाणकार समुपदेशक मिळाल्यास उत्तमच. घरच्यांनीही एवढे करावे, ताई ड्यूटीवरून आली की आधी पाण्याचा तांब्या द्यावा, आणि ती बोलली तर मधे न बोलता ऐकावे.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!