मुलांच्या लवत्या पापण्या
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



दमयंतीच्या स्वयंवराची कथा सर्वांना परिचित आहे. नळाचेच रूप धारण करून चार देव मंडपात बसले होते. खरा नळ तिने ओळखला तो काही खुणांवरून. देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या माळा कोमेजत नव्हत्या, पाय भूमीला टेकत नव्हते आणि पापण्या लवत नव्हत्या. ज्याची पापणी लवत होती तो मनुष्य, तोच नळ. देवांना ‘अनिमिष’ म्हणतात ते यावरूनच. पापणी लवणे हा असा मनुष्यधर्म आहे. तरीही घरातील एखादे मूल वारंवार पापण्या मिचकावू लागले, की सारे घर त्याच्यावर तुटून पडते. “ही कसली सवय लावून घेतलीस?” असे दरडावणे सुरू होते. त्या मुलाचे डोळे मात्र कोणी पाहत नाही.

प्रौढ मनुष्याची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. तान्ह्या बाळाची दोन-चार वेळाच. बाळ टक लावून पाहते असे आजी म्हणते ते यथार्थच आहे. प्रत्येक वेळी पापणी अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावर पसरते. हा थर बिघडला, डोळ्यात काही खुपले, किंवा दिसणे अस्पष्ट झाले, की पापण्या अधिक लवू लागतात. म्हणजे मूल खोडी करीत नसते. त्याचे शरीर काही दुरुस्त करू पाहत असते.

अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच तक्रारीसाठी आणलेल्या ९९ मुलांची तपासणी झाली. शेकडा ३७ मुलांत पापणीचा वा डोळ्याच्या पुढील भागाचा विकार आढळला, २३ जणांत सवयीचे झटके, १४ जणांत चष्म्याचा नंबर आणि ११ जणांत अधूनमधून प्रकट होणारा तिरळेपणा. बहुतेकांचे निदान विचारपूस आणि साधी तपासणी यांवरच झाले.

पहिल्या गटाविषयी अधिक सांगणे अवश्य आहे. उन्हाळा लागला, की काही मुलांचे, विशेषतः मुलग्यांचे, डोळे लाल होतात, विलक्षण खाज सुटते, दोऱ्यासारखी चिकट घाण येते. हा ॲलर्जीचा विकार. मूल डोळे चोळते, आणि वर्षानुवर्षे चोळल्याने बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा आकारही बिघडू शकतो. पण याहून मोठे संकट बहुधा औषधाच्या दुकानातून घरी येते. मागच्या वर्षी लिहून दिलेले थेंब दुकानदाराकडून पुन्हा आणले जातात. दोन दिवसांत खाज थांबते, घर निश्चिंत होते, आणि बाटली महिनोन् महिने चालू राहते. त्या थेंबांत स्टिरॉइड असेल, तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. असा काचबिंदू बहुधा दुखत नाही. मूल तक्रार करीत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे नाव दिसल्यास वैद्यकीय देखरेखीवाचून एकही थेंब घालू नये. थंड पाण्याची घडी डोळ्यांवर ठेवणे हा निरुपद्रवी उपाय आहे. काजळ आणि सुरमा मात्र दूर ठेवावेत. कित्येक सुरम्यांत शिसे असते, आणि काजळाच्या बोटाबरोबर जंतूही आत जातात.

‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे कोरडे पडतात आणि तिन्हीसांजेला मूल अडखळू लागते. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, पपई ही आपल्या परसातलीच वस्तू. ती पानात असावी. मोबाइलच्या पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे सुकतात, आणि पडदा बाजूला ठेवल्यावर मूल भराभर मिचकावू लागते.

चष्म्याचा नंबर असलेले मूल डोळे बारीक करून पाहते, कारण फटीतून पाहिले असता चित्र थोडे स्पष्ट होते. पालखीच्या दिवशी भर उन्हात एखादे मूल नेहमी एकच डोळा मिटत असेल, तर त्यामागे तिरळेपणा असू शकतो. एका डोळ्याचे काम मेंदूने सोडून दिले, तर ते पुन्हा शिकविणे सात-आठ वर्षांच्या वयापर्यंत सोपे, पुढे अवघड होते.

डोळे निर्दोष ठरले, तर सवयीचा झटका संभवतो. तो प्रायः पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होतो, कमीजास्त होत राहतो, आणि बहुतेकांत तारुण्याबरोबर ओसरतो. मूल तो क्षणभर आवरू शकते. म्हणूनच वडीलधाऱ्यांना वाटते, की ते मुद्दाम करते. पाहुण्यांसमोर टोकल्याने तो वाढतो. मानेचे हिसके व घशाचे आवाज जोडीला येऊन वर्षाहून अधिक काळ राहिले, तर तो १८८५ साली फ्रान्समध्ये ज्याचे वर्णन जिल द ला तुरेत यांनी केले, तो विकार असू शकतो. त्यावरही उपचार आहेत. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढण्यास कोणाची हरकत नाही. मात्र त्याच आठवड्यात दृष्टी तपासूनही घ्यावी.

काही चिन्हे दिसताच थांबू नये: बाहुलीत पांढरी झाक, दुखणे, उजेड सहन न होणे, तान्ह्या बाळाचे बुबुळ मोठे दिसून पाणी गळणे. बोलता बोलता मूल काही क्षण स्तब्ध होऊन पापण्या फडफडवीत असेल आणि हाकेला ओ देत नसेल, तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो.

नंबराची तपासणी अक्षरे न येणाऱ्या मुलाचीही होते. बाहुलीत प्रकाश टाकून तो कसा परततो, हे वैद्य पाहतात. त्यापूर्वी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यामुळे जवळचे वाचता येत नाही. काही औषधांचा परिणाम दिवसभर राहतो, ॲट्रोपिनचा आठवडाभर किंवा अधिक. म्हणून तपासणी परीक्षेच्या दिवसांत न ठेवता सुटीत ठेवावी, आणि तेवढे दिवस उन्हात जाताना मुलाच्या डोक्यावर टोपी असावी.