सत्तेची अधिमान्यता आणि नागपूरचा करार

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सत्ता हाती असणे आणि सत्तेचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोलीस, तुरुंग आणि खजिना ज्याच्या ताब्यात असेल त्याची आज्ञा लोक भीतीपोटी पाळतात. परंतु ही आज्ञा देण्याचा याला हक्क आहे, असे लोक मनोमन मानतात तेव्हाच त्या सत्तेला अधिमान्यता लाभली असे म्हणता येते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने परंपरा, नेत्याचे अलौकिक व्यक्तिमत्त्व आणि कायदा असे तिचे तीन उगम सांगितले. हे त्रिकूट पाठ करून घेतले की बहुतेक अभ्यासवर्गांत विषय संपतो. एकदा मिळालेली अधिमान्यता टिकते कशावर, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याच्या उत्तराची पुष्कळ सामग्री नागपूरच्या इतिहासात आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास रघूजी भोसले यांनी देवगडच्या गोंड राज्याची सत्ता हाती घेतली, तेव्हा गोंड राजा बुऱ्हाणशहा याला त्यांनी हाकलून दिले नाही. राजचिन्हांसह त्याला नागपुरात ठेवले, नेमणूक बांधून दिली आणि कारभार त्याच्या वतीने चालतो असा देखावा राखला. तलवार भोसल्यांची होती. परंपरेचा शिक्का गोंडांपाशी होता, आणि तो फेकून देणे विजेत्यालाही सोयीचे वाटले नाही. इंग्रजांनी तेवढीही भीड ठेवली नाही. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी पुत्राविना वारले आणि डलहौसीने 1854 मध्ये त्यांचे राज्य खालसा केले. बांकाबाई आणि इतर राण्यांनी दत्तकाचा हक्क मांडला. राजवाड्यातील जडजवाहीर मात्र लिलावात गेले. हे सारे नियमाच्या नावाने झाले. तो नियम कोणी केला, हे विचारण्याची सोय प्रजेला नव्हती. (ती भोसल्यांच्या राज्यातही नव्हती, हे राजेशाहीच्या आठवणीत रमणाऱ्यांनी विसरू नये.)

विचारण्याची ही सोय विसाव्या शतकात लोकांनी स्वतःच निर्माण केली. डिसेंबर 1920 मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव कायम केला, चार आण्यांच्या वर्गणीवर सभासदत्व खुले केले आणि भाषावार प्रांतिक समित्यांची रचना स्वीकारली. असहकार म्हणजे दुसरे काय? लोकांनी दिलेली मान्यता लोकांनीच परत घेणे. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात तेच घडले. झेंड्याची मिरवणूक रोखणारा हुकूम सरकारच्या दृष्टीने पूर्ण कायदेशीर होता. तरीही निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक येत राहिले आणि तुरुंग भरत राहिले. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यानंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक निघाली. हुकूम कागदावर होता, पण त्याला मानणारे उरले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मतपेटी आली आणि अधिमान्यतेचा प्रश्न कायमचा सुटला, असा समज पसरला. नागपूरच्या मतदारांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. 1962 मध्ये त्यांनी लोकसभेवर लोकनायक बापूजी अणे यांना पाठविले, 1971 मध्ये जांबुवंतराव धोटे यांना. दोघेही वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते. 1977 मध्ये उत्तर भारताने आणीबाणीचे राज्य उलथून टाकले, तेव्हा नागपूरने काँग्रेसचाच उमेदवार निवडून दिला. आणीबाणी नागपूरला मान्य होती असा याचा अर्थ लावणे जितके उथळ, तितकेच प्रत्येक निकालाला राज्यकर्त्यांच्या सर्व कृत्यांची पोचपावती समजणे उथळ आहे. मत देऊन राज्यकर्ता निवडला जातो; त्याने दिलेल्या वचनांतून मुक्तता त्याला मिळत नाही.

अशा वचनांपैकी सर्वांत मोठे वचन याच शहराच्या नावाने ओळखले जाते. 28 सप्टेंबर 1953 रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या काँग्रेस पुढाऱ्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या. एका मराठी राज्यात विदर्भाने यावे, त्या बदल्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व्हावा, नोकऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांतील प्रवेशांत त्याच प्रमाणात वाटा मिळावा, नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ असावे, शासनाने दरवर्षी ठराविक काळ येथे मुक्काम हलवावा आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरवावे, असे ठरले. 1861 पासून राजधानी असलेल्या शहराला तो मान सोडायचा होता. सह्या पुढाऱ्यांच्या होत्या. लोकांचे मत कोणी घेतले नव्हते. दोनच वर्षांनी राज्य पुनर्रचना आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. ती बाजूस पडली, 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे जेथे लोकांची प्रत्यक्ष संमती असावयास हवी होती, तेथे एक वचन ठेवण्यात आले. ज्या सत्तेचा पाया वचनावर आहे, तिची अधिमान्यता त्या वचनाच्या पालनावरच मोजली गेली पाहिजे. एस. एम. जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस होते. त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्या समाजवाद्यांवर तर हा हिशेब मागण्याची जबाबदारी दुप्पट आहे. वेगळ्या राज्याच्या मागणीला विरोध करणाऱ्याला हिशेबाकडे पाठ फिरविता येत नाही.

हिशेब मांडला गेला नाही असे नाही. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे 3,187 कोटी रुपये असल्याचे दाखविले. त्यातील सुमारे 1,247 कोटी विदर्भाचा होता. राज्यघटनेच्या 371 (2) या कलमात विकास मंडळांची तरतूद 1956 पासूनच होती. ती मंडळे प्रत्यक्षात यावयास 1994 उजाडले, आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपू देण्यात आली. 2022 मध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला, म्हणजे मुदत संपू देणे योग्य नव्हते याची कबुलीच दिली. ही टाळाटाळ कोणा एका पक्षाची नव्हे. मुंबईत सत्तेवर आलेल्या बहुतेकांनी ती केली.

करारातील एक कलम मात्र लोकांनी स्वतःच जिवंत ठेवले. डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात आले की विणकर, शेतमजूर, अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांतील शिक्षक मोर्चे घेऊन येतात. शासन त्यांच्याकडे बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहते. वास्तविक मोर्चा घेऊन येणारा माणूस सत्तेला मान देत असतो. हे सरकार आपले आहे आणि त्याने उत्तर दिले पाहिजे, असे गृहीत धरूनच तो इतके अंतर तुडवीत येतो.

23 नोव्हेंबर 1994 रोजी गोवारी समाज असाच आला होता. अनुसूचित जमातीचे स्थान मिळावे ही मागणी. मोर्चात बायका-मुले मोठ्या संख्येने. सायंकाळपर्यंत निवेदन घ्यावयास कोणी जबाबदार मंत्री पुढे आला नाही. पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे मेली. सरकार रीतसर निवडून आलेले होते, बंदोबस्त कायद्याला धरून होता. काही पावलांवर सभागृह होते. त्या दिवशी तेथे कमी पडला तो उत्तर देणारा माणूस. 1995 च्या निवडणुकीत ते सरकार गेले. मागणी मात्र जागीच राहिली. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारींचे नाव आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आला त्या वर्षी, महामारीमुळे, हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलेच नाही. 2021 मध्येही ते मुंबईतच झाले. डिसेंबर 2022 मध्ये विधिमंडळ परत आले, आणि त्याच्या पाठोपाठ मोर्चेही आले.