दोष दुधाचा नव्हता



इस्पितळात समाजसेविका म्हणून काम करताना भेटलेल्या एका आईची गोष्ट मी आज तुमच्यापुढे ठेवणार आहे. तिची मुलगी 11 महिन्यांची. ढुंगणावर आणि गुडघ्यांवर पिवळसर चट्टे. दोन ठिकाणची मलमं लावून झाली. अखेर एका डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. 'वाईट' कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, 600च्या वर! घरच्यांचा निकाल तयारच होता : "हिनं गरोदरपणी तूप-लोणी खाल्लं, तेच दुधातून उतरलं." बाळाचं अंगावरचं दूध तोडलं गेलं.

हा आजार दुधातून येत नाही. यकृतातल्या पेशींवरचे 'रिसेप्टर' रक्तातलं एलडीएल उचलून घेतात. याच शोधासाठी ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. आई किंवा बाप, एकाकडून सदोष जनुक आलं तर हे काम निम्म्यावर येतं. अशी माणसं 250-300 जणांत एक असतात. दोघांकडून आलं तर काम जवळजवळ थांबतं. असं मूल काही लाखांत एखादं. पण उपचार झाले नाहीत तर विशीच्या आतही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

म्हणजे बापाचीही तपासणी हवी. तो म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" महिनाभर मागे लागल्यावर त्यानं रक्त दिलं. दोघांचंही एलडीएल वाढलेलं. लग्न नात्यातलं, सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. मग आत्याबाईंनाही तपासलं. त्यांचंही तेच! छातीत भरून यायचं, ते वर्षानुवर्षं 'पित्त' म्हणून सोडून दिलं होतं. सुनेला बोल लावणारी ही बाई स्वतः दुर्लक्षाचीच बळी होती.

बाळाचं दूध पुन्हा सुरू झालं. दोन वर्षांखालच्या मुलाचं दूध-तूप परस्पर बंद करू नये, वाढ खुंटते. एका बाजूनं आजार आलेल्या मुलांना स्टॅटिनच्या गोळ्या सहसा आठ-दहा वर्षांपासून देतात. दोन्हीकडून आलेल्यांना मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखाली शक्य तितक्या लवकर. त्या पुरत नाहीत तेव्हा रक्तातलं एलडीएल यंत्रानं गाळून काढतात. ही सोय महाग आणि मोजक्याच ठिकाणी आहे. "पोरीच्या जातीला एवढा खर्च कशाला?" हा प्रश्न माझ्यासमोरच विचारला गेला. त्याला उत्तर द्यायला गटातल्या चारजणी त्या आईसोबत उभ्या राहिल्या, म्हणून उपचार सुरू राहिले.

तेव्हा वस्तीत काम करताना दोन्हीकडच्या घराण्यांची चौकशी करा : तरुणपणी कुणाला झटका आला होता का? असेल तर मुलांचं, आईचं आणि बापाचंही रक्त तपासून घ्या. या पहिल्या तपासणीसाठी बाळाला उपाशी ठेवावं लागत नाही. आणि कुणी आईच्या दुधाला दोष देऊ लागलं, तर तिथल्या तिथे बोला. कारण आईला दोषी ठरवलं की घर तिथंच थांबतं, आणि मुलीचे उपचारही.