बिझनेस क्लासची सीट नेमकी कोणासाठी बनवतात?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत.)

घोरावाडीहून बोलतोय. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, पुणे-लोणावळा लाइनवर तळेगाव आणि बेगडेवाडीच्या मध्ये आमचं स्टेशन. इथे फक्त लोकल थांबते, बाकी गाड्या शिट्टी मारून निघून जातात. मागे मोठा आवाज आला तर हेडफोन काढू नका, मालगाडी असते.

आजचा विषय आहे विमानातल्या बिझनेस क्लासची सीट. हो, मलाही माहितीये, आपण तिघांच्या बाकावर चौथे म्हणून टेकणारे लोक. पण या वेळी हा प्रश्न खरंच घरात आलाय. ताई न्यू जर्सीला असते, तिचं बाळंतपण आहे, आई-बाबा जाणार आहेत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. ताई म्हणाली, या वेळी दोघांना बिझनेसने पाठवू. दोघांचं जाऊन-येऊन भाडं बघितलं आणि फोनवर आम्ही बहीण-भाऊ थोडा वेळ गप्पच होतो. जमवून जमवून एका बाजूचं होतंय. मग मी म्हटलं, पैसे टाकायच्या आधी ते नेमके कशाला पडतात ते तरी बघू. गेले तीन आठवडे लोकलमध्ये मी सीट-मॅप बघतोय. शेजारचे काका मला ट्रॅव्हल एजंट समजायला लागलेत.

तर आधी थोडा इतिहास, पटकन. बिझनेस क्लास आला तेव्हा तिथे मोठी, मागे जास्त झुकणारी खुर्ची होती, इतकंच. काही कंपन्यांनी तिरक्या पलंगासारख्या सीट्सही आणल्या. सरळ व्हायच्या, पण उताराला. झोप लागली की माणूस हळूहळू खाली घसरायचा. 2000 साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेसमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट आणली आणि सगळ्यांचं गणित बदललं. त्यांची युक्ती अशी की एक माणूस पुढे तोंड करून, शेजारचा मागे तोंड करून. खांद्याशी माणूस रुंद असतो, पायाशी अरुंद, म्हणून उलटसुलट ठेवले की कमी जागेत जास्त मावतात. डब्यात करंज्या भरताना आई हेच करते. अडचण एकच, खिडकीच्या माणसाला बाथरूमला जायचं तर शेजाऱ्याच्या पायांवरून उडी.

ती उडी घालवायला पुढची रचना आली, 1-2-1. खिडकीशी एक, मध्ये दोन, पलीकडे एक. प्रत्येकाला थेट वाटेवर पाय टाकता येतो. मग 2017 मध्ये कतार एअरवेजने सीटला सरकतं दार लावलं. आता दार नसेल तर रिव्ह्यू करणारे नाक मुरडतात. एअर इंडियाच्या नव्या ए-350 मध्येही बिझनेसच्या 28 सीट्स अशाच आहेत, दारवाल्या. हे दार टेकऑफ आणि लँडिंगला उघडं ठेवावं लागतं, कारण काही झालं तर माणूस आत अडकायला नको.

आता माझा मुद्दा. ही सगळी प्रगती एका विशिष्ट माणसासाठी झालीये. एकटा प्रवास करणारा, चाळिशीचा, पाच फूट दहा इंच उंचीचा, लॅपटॉप आणि टाय असलेला माणूस. त्याला कोणाशी बोलायचं नाही, झोपून उठायचं आणि थेट मीटिंगला जायचं.

हा माणूस पुण्याने जवळून पाहिलाय. 2008 मध्ये लुफ्तांझाने पुणे-फ्रँकफर्ट विमान सुरू केलं. एरवी सव्वाशेच्या वर लोक बसतात एवढंच छोटं विमान, पण सुरुवातीला त्यात सगळ्या सीट्स बिझनेस क्लासच्या. पन्नाससुद्धा नाहीत. चालवायला प्रायव्हेटएअर नावाची स्विस कंपनी. तेव्हा चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने उभे राहत होते, 2009 मध्ये दोन्ही सुरू झाले. म्हणजे लोहगावच्या त्या विमानतळावर, जिथून मुंबई-दिल्ली करायलाही तेव्हा गर्दीत घुसमटायला व्हायचं, तिथून आठवड्यातून काही वेळा फक्त साहेबांचं विमान उडायचं. पुढे त्यात इकॉनॉमी आली आणि नंतर ती सेवाच बंद झाली. मला त्यात वाईट काही वाटत नाही. धंदा आहे, पैसे देणाऱ्याच्या मापाने कपडा शिवणार. पण तोच कपडा आपण आईला घालायला निघालोय, एवढं लक्षात असू दे.

आणि माप म्हणजे अक्षरशः माप. 1988 मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने नियम केला की नव्या धाटणीच्या विमानांतल्या सीटने पुढच्या दिशेने 16 जीचा झटका सोसला पाहिजे. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट. चाचणीत सीटवर जो पुतळा बसवतात तो असतो 77 किलोचा. माझी आई 52 किलोची आहे, उंची चार फूट अकरा. सीट तिला सुरक्षित नाही असं मी म्हणत नाहीये. इतकंच म्हणतोय की डिझायनरच्या डोक्यात जो माणूस बसलाय, तो ती नाही.

उंचीवरून एक महत्त्वाची गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये लांब प्रवास आणि पायात रक्ताची गुठळी होणं यावर अहवाल काढला होता. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की धोका साधारण दुप्पट होतो. मूळ धोका लहान आहे, घाबरू नका. पण ज्यांना तो जास्त असतो त्यांत खूप उंच लोक आहेत, 1.90 मीटरच्या वरचे, आणि खूप बुटकेही, 1.60 मीटरच्या खालचे. आपल्याकडच्या कितीतरी आया 1.60 च्या खालीच आहेत! कारण सोपं आहे. खुर्ची खोल असली की बुटक्या माणसाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, कडेचा दाब गुडघ्याच्या मागे पडतो. आणि बिझनेसची सीट इकॉनॉमीपेक्षा खोल असू शकते. म्हणजे जास्त पैसे देऊन पाय जास्त लोंबकळणार. उपाय आहे, लेग-रेस्ट वर घ्यायचा. पण तो कुठल्या बटणाने वर येतो ते कळलं पाहिजे ना. हल्ली ती बटणं टचस्क्रीनवर असतात. आमचे बाबा टचस्क्रीनवर बोट बेलसारखं दाबून धरतात. पाठ सरळ होणार, पुन्हा आडवी होणार, आणि विमान ग्रीनलंडवर पोचेपर्यंत हेच चालणार.

बाबांचा तर ऑपरेशन झालेला गुडघा. डॉक्टरांनी सांगितलंय, दर तासा-दीड तासाने उठून चाला. मग त्यांच्यासाठी सपाट पलंगापेक्षा मोठी गोष्ट कुठली? थेट वाटेवर उतरता येणं, आणि उठताना हाताला काहीतरी भक्कम लागणं. काही सीट्सचा वाटेकडचा आर्मरेस्ट खाली दाबला जातो. झोपताना जागा रुंद करायला ती सोय असते. पण तो खाली गेला की आईला मांडी घालून बसता येतं! हे कुठल्याही इंग्रजी रिव्ह्यूमध्ये मला सापडलेलं नाही. शॅम्पेन कुठली दिली ते सापडतं.

आता पायांचा खोका. हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. विमान तेवढंच, पलंग मात्र दोन मीटरचा, मग जागा आली कुठून? पुढच्या माणसाच्या बाजूच्या टेबलाखालून. तुमचे पाय तिथे एका पोकळीत जातात. नवीन सीट्समध्ये बहुतेक ठिकाणी हाच प्रकार. पोकळी कधी ऐसपैस, कधी बुटाच्या खोक्याएवढी.

मी घरी प्रयोग केला. हॉलमध्ये फरशीवर खडूने दोन मीटरचा पट्टा आखला, खांद्याशी रुंद, पायाशी निमुळता. टोकाला टीपॉयखाली फूटभर रुंदीचा पुठ्ठ्याचा खोका. आईला म्हटलं, झोप. ती आधी हसली, मग झोपली. उताणी असताना म्हणाली, छान आहे की. पाच मिनिटांनी म्हणाली, "अरे, कुशीवर वळताच येत नाही, गुडघे कुठे ठेवू?" ती आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपलीये. बाबांनी खोक्यात पाय घातले आणि ऑपरेशनवाला गुडघा वाकवून बाहेर काढताना खोकाच उचलला गेला. विमानात तो उचलला जाणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. केबिनची पहिली रांग. तिथे पुढे कोणाची सीट नसते, भिंत असते, त्यामुळे बऱ्याच विमानांत ती पोकळी बरीच मोठी असते. सगळ्याच विमानांत नाही, म्हणून एअरोलोपासारख्या साइटवर नकाशा बघायचा. तिथे सीट्स प्रमाणात काढलेल्या असतात, नुसते चौकोन नसतात.

मग येतं दार. मी आईला व्हिडिओ दाखवला, बघ, तुला स्वतंत्र खोली. ती म्हणाली, "आणि हे घोरायला लागले तर यांना हलवणार कोण?" विनोद वाटेल, पण हाच माझा मुख्य आक्षेप आहे. 1-2-1 मध्ये खिडकीच्या दोन सीट्स घेतल्या तर नवरा-बायको पुढेमागे, मध्ये भिंत. बाबांना फॉर्म भरायला आई लागते. आईला हेडफोनची पिन लावायला बाबा लागतात. गोळ्यांचा डबा एकच आहे. चाळीस वर्षं शेजारी बसलेल्या माणसांना आपण लाखो रुपये देऊन वेगळं बसवतो.

म्हणून आता जरा उलटं बोलतो. एअर इंडियाच्या जुन्या 777 मधली आणि एमिरेट्सच्या जुन्या 777 मधली 2-3-2 अशी रचना लोकांनी इतकी हिणवलीये. बिझनेसमध्ये मधली सीट म्हणजे काय चेष्टा, वगैरे. एकट्या माणसासाठी ती चेष्टाच. पण खिडकीच्या बाजूची जोडी? शेजारी शेजारी, मध्ये एक आर्मरेस्ट, पाय पसरायला मोकळी जागा, खोका नाही. एका जोडप्यासाठी मला ती वाईट वाटत नाही. आत बसलेल्याला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं, हे खरं. पण तो दुसरा घरचाच असतो. आता या सीट्स एकेक करून जातायत, आणि त्यांच्या जागी येणारी प्रत्येक सीट आणखी एक भिंत घेऊन येतेय.

जाता जाता एक गंमत. पूर्ण सपाट पलंग, स्वतंत्र खोली, प्रत्येकाला थेट वाट, ही रचना आमच्या मावळात दोन हजार वर्षं जुनी आहे. मळवलीला उतरून भाज्याच्या लेण्यांत जा. विहारात भिक्खूंच्या खोल्या आहेत, आत दगडात कोरलेले ओटे. पायांचा खोका नाही. कुशन मात्र घरून न्यावं लागेल.

आणखी एक सावधगिरी. बिझनेस लिहिलंय म्हणजे पलंग मिळेलच असं नाही. इंडिगोने नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबईवर 'स्ट्रेच' सुरू केलं, 2-2 अशा 12 सीट्स. त्या रुंद खुर्च्या आहेत, सपाट होत नाहीत. दोन तासांना ते ठीकच आहे. दोन तासांसाठी पलंग मागणाऱ्याला मी लोणावळा लोकलमध्ये उभा करीन.

तर आमचं काय ठरलं? जाताना बिझनेस, थेट विमान, मधली जोडी, पहिली रांग. थेट अशासाठी की पहाटे तीनला आखाती विमानतळावर व्हीलचेअरची वाट बघत बसले, तर पलंगावर मिळालेली झोप तिथेच संपते. येताना प्रीमियम इकॉनॉमी, शेजारच्या दोन सीट्स. ताईचं म्हणणं होतं की थकवा येतानाच जास्त असतो, तेव्हा येताना बिझनेस घ्या. आईने निकाल दिला, "जाताना बाळाला घ्यायचंय, येताना काय, घरी येऊन झोपणारच आहे." ताई अजून पूर्ण पटलेली नाही. बाबा म्हणतात दोन्हीकडून इकॉनॉमी करा आणि उरलेल्या पैशांची एफडी करा, पण त्यांचं मत आम्ही मोजत नाही.

तिकीट अजून काढलेलं नाही. कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते, आणि विमान बदललं की सीट-मॅपही बदलतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा बघत राहायचं. मधल्या जोडीतही फसवणूक असते बरं का. काही विमानांत एका रांगेत दोन सीट्स चिकटून असतात, पुढच्याच रांगेत त्या दोन टोकांना, मध्ये टेबलं. नकाशावर नीट बघा.

आता तुमच्याकडे काम. तुमचे आई-बाबा अशा सीटवर बसून आले असतील तर व्हॉइस नोट पाठवा, शक्यतो त्यांच्याच आवाजात. मला तीन गोष्टी हव्यात: उंची किती, पाय टेकले का, आणि कुशीवर वळता आलं का. विमानाचं मॉडेल माहीत असेल तर तेही सांगा. पंधरा-वीस जमल्या तरी त्यांची एक शीट बनवून सगळ्यांना लिंक देतो. चला, भेटू पुढच्या शुक्रवारी.